करमत नसेल तेव्हा

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

सगळे एकमेकांना ओळखतात, आपणच तेवढे उपरे आहोत, असं कॉलेजच्या पहिल्या सत्रात वाटलं तर ते तुझ्यातली उणीव म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्या वर्गातल्या मुलांनाही सुरुवातीला परकं वाटायचं आणि ते हळूहळू ओसरलं, एवढंच नव्या विद्यार्थ्यांना तासाभरात समजावलं होतं. त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण नंतरची तीन वर्षं सुधारत गेले.

मैत्रीला मात्र वेळ द्यावाच लागतो. जेफ्री हॉल या अमेरिकी प्राध्यापकांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात असं दिसलं, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. हे तास मोकळ्या गप्पांचे. वर्गात शेजारी बसल्याचे त्यात फारसे धरू नकोस. म्हणून कॉलेजातल्या पाच मंडळांत नाव घालण्यापेक्षा एकच निवड आणि दर आठवड्याला न चुकता जा. दोनदा जाऊन सोडणारे बरेच असतात, आणि ओळख व्हायला लागते ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

अभ्यास एकटीने करणं हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइसमन या गणितज्ञांनी १९७० च्या दशकात पाहिलं, की कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात मागे पडणारी कितीतरी मुलं मेहनती होती, पण एकेकटी अभ्यास करायची. तीन ते पाच जणींचा गट कर. प्रत्येकीने आधी स्वतः सोडवून यायचं, मग पायऱ्या ताडून पाहायच्या. हा नियम मोडला की एक सोडवते, बाकीच्या उतरवून घेतात आणि गट महिनाभरात फुटतो.

सरांना किंवा मॅडमना 'काहीच कळत नाही' असं लिहू नकोस. कुठला प्रश्न, कुठल्या पायरीवर अडलं, काय करून पाहिलं, कधी भेटता येईल, एवढ्या चार ओळी पुरतात. पण लवकर लिही. परीक्षेच्या तोंडावर त्यांच्या दाराशी रांग असते.

झोप, भूक किंवा वर्गाला जाणं दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर समुपदेशकाची वेळ घे. भेट किती दिवसांनी मिळेल आणि बोललेलं कुणाला कळवलं जातं, हे आधीच विचारून घे. जगणं नको असं मनात आलं, तर त्या भेटीची वाट पाहू नकोस. शेजारच्या खोलीचं दार वाजव, मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझी आई