चिखल आहे म्हणून पक्षी आहेत

महोदय,

कन्हान नदीकाठच्या दलदलीत भल्या पहाटे निघालेल्या पक्षीनिरीक्षण फेरीचा वृत्तान्त (रविवार पुरवणी) आवडला. मात्र ‘ही जागा स्वच्छ करून पदपथ बांधावा’ ही त्यातली सूचना पटली नाही.

डिसेंबर-जानेवारीत धुके विरता विरता तिथे जे दिसते, ते सारे त्या ‘घाणी’च्याच जिवावर. शेकाट्या आपल्या लांब लाल पायांनी उथळ पाण्यात हिंडतो. तुतारी ओल्या गाळात चोच खुपसून किडे टिपते. थापट्या बदक फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळून खाते. काठ सिमेंटने बांधला की उथळ पाणी गेले, गाळ गेला. मग पदपथावरून दुर्बिणीने बघायचे काय? पलीकडचा पदपथ?

आणखी एक अडचण आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांतील व्याख्येतून नदीचे पात्र वगळलेले आहे. त्यामुळे तलावाला जे संरक्षण मिळू शकते, ते पात्रातल्या दलदलीला या नियमांतून मिळत नाही. वाळू उपसा आणि राडारोडा टाकणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळते!

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जयंतीनिमित्त साजरा होतो. चितमपल्लींची कर्मभूमी विदर्भच. निदान नागपूरकरांनी तरी लव्हाळ्याला कचरा म्हणू नये. तिथे बांधायचेच असेल, तर वाहने दूर थांबवणारे एक फाटक पुरे.

— एक पक्षीमित्र, नागपूर