त्रेपन्न की पन्नास?

२५ ऑगस्ट २०२४

प्रिय दिन्या,

७ तारखेला विनेश फोगाटवरून भांडताना फोन तू आपटलास की मी, हा वाद पुढच्या भेटीसाठी ठेवू. तेव्हापासून आपण बोललेलो नाही एवढं खरं. पत्र अशासाठी की फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि या वेळी मला बरंच बोलायचंय. घरात कुणापाशी बोलून उपयोग नाही. सुमाला विचारलं तर ती म्हणेल, "मग बंद करा तालीम." भाऊला विचारलं तर तो म्हणेल, "बिनधास्त जाऊ दे." काट्यावर चढण्याआधी तोंडातली थुंकी गिळायची की बाहेर टाकायची, हा प्रश्न त्या दोघांनाही आयुष्यात पडलेला नाही.

तब्येती ठीक. माझी साखर काठावर आहे, सुमाची पाठ नेहमीसारखी. पुढे.

आमची चिमी कुस्तीत ५० किलोच्या गटात उतरू का म्हणून विचारतेय.

तिच्या ५३ मध्ये एक नवी पोरगी आलीय. चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही. आडदांड ताकद आणि वर डोकंही. सरावात चिमीला दोनदा चीत केलं तिनं. सर म्हणाले, ५३ ला आता नंबर लागणं अवघड, ५० मोकळं आहे, विचार कर. चिमी सकाळी उपाशीपोटी ५४ भरते, दिन्या. अंगावर चरबी म्हणून नाहीच. म्हणजे जे काही उतरवायचं ते पाणीच.

मी "बघू" म्हणालो. माझं "बघू" म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळतं. तिनं लगेच मोबाइल पुढे केला. पॅरिस ऑलिंपिकमधल्या अमन सेहरावतची बातमी, गट ५७ किलोचा. सेमीफायनल संपली तेव्हा तो साडेएकसष्ट किलो होता, दहा तासांत ४.६ किलो उतरवले, सकाळी काटा ५६.९ आणि रात्री गळ्यात कांस्य. "बाबा, त्यानं साडेचार उतरवले. मला चारच उतरवायचेत, आणि तेही निवांत." आता यावर काय बोलणार? बातमी खरी. पोरगं एकवीस वर्षांचं, आपल्या पथकातलं सगळ्यात लहान वयाचं वैयक्तिक पदक, पोर्तो रिकोच्या क्रूझला १३-५ ने लोळवलं. मीच त्या रात्री चिमीला उठवून ती कुस्ती दाखवली होती.

आणि त्याच आठवड्यात, त्याच तंबूत, त्याच माणसांनी, तसलीच रात्र जागवून विनेशचं वजन उतरवलं होतं. एकीकडे ५७ च्या गटात ५६.९, दुसरीकडे ५० च्या गटात ५०.१, म्हणजे शंभर ग्रॅम जास्त आणि फायनलच्या सकाळी बाद. अमनच्या रात्रीचं कौतुक आणि विनेशच्या रात्रीचा पंचनामा. मला विचारशील तर दोन्ही रात्री सारख्याच भयंकर होत्या.

थांब, लगेच "रूल म्हणजे रूल" म्हणू नकोस. ६ तारखेला तू कसा ओरडत होतास ते आठव. सुसाकीच्या कुस्तीला. आंतरराष्ट्रीय मॅटवर ८२ कुस्त्या, एकही हार नाही, टोकियोत एकही गुण न देता सुवर्ण. विनेश ०-२ ने मागे, दोन्ही गुण नुसते निष्क्रियतेचे. तू मला म्हणालास, "ही काही करतच नाही." मी म्हणालो, "ती वाट बघतेय, गाढवा." आणि शेवटच्या काही सेकंदांत तिनं सुसाकीला मॅटच्या कडेला खाली घेतलं. जपानचं अपील फेटाळलं गेलं, तो एक गुणही हिलाच, ३-२. सुसाकीचा चेहरा बघितलास ना? हरणं म्हणजे काय तेच तिला ठाऊक नव्हतं. मग युक्रेनची लिवाच ७-५, क्यूबाची गुझमान ५-०. तीन कुस्त्या एका दिवसात, आणि आपल्या बायकांच्या कुस्तीतली पहिली ऑलिंपिक फायनल. वर्षभरापूर्वी जंतरमंतरच्या फुटपाथवर झोपणारी बाई ही. त्या रात्री तुझा आवाज बसला होता, आठवतंय?

दुसऱ्या दिवशी तोच तू. "मंगोलियात २०१६ ला पण ४०० ग्रॅमनं बाहेर गेली होती, शिकायला नको?" वर म्हणालास, लायल्सनं शंभर मीटर ०.००५ सेकंदांनी मारली, तेव्हा थॉम्प्सनसाठी का नाही रडलास? अरे, थॉम्प्सनला रौप्य तरी मिळालं! तू सेमीफायनल धावलाच नाहीस, असं कुणी त्याला सांगितलं नाही. माझं भांडण शंभर ग्रॅमशी नव्हतंच. ५०.१ म्हणजे फायनल नाही, मान्य. अमेरिकेची हिल्डब्रांट ५० मध्ये राहिली, सुवर्ण तिचं. पण आदल्या सकाळी विनेशचा काटा ४९.९ होता. त्या वजनावर, त्या दिवशी, नियमात बसून जिंकलेल्या तीन कुस्त्या पुसायच्या कशासाठी? हिनं हरवलेली गुझमान फायनल खेळून रौप्य घेऊन गेली, हिनं हरवलेली सुसाकी कांस्य घेऊन गेली, आणि ही यादीत शेवटची. शेवटची, दिन्या! आपल्या जत्रेतल्या मैदानातही असला निवाडा कुणी दिला नसता.

क्रीडा लवादानं १४ तारखेला तिचा अर्ज फेटाळला. तुझा विजय, घे. पण निकालपत्रातही तिचा कसलाही गैरप्रकार नाही असं म्हटलंय, आणि परिणाम फार कठोर आहेत हेही. एवढंच मी फोनवर सांगत होतो, फक्त जरा मोठ्यानं.

बरं, मधेच सांगतो, स्वप्नील कुसाळेच्या पदकाला तुला फोन करायचा होता. हात फोनपर्यंत गेलाही होता, पण तू नेमका त्या सकाळी मनू भाकरच्या दोन कांस्यांवरून मला "कुस्तीवाल्यांनो, बंदुका घ्या" असा मेसेज टाकला होतास. नेमबाज राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, नोकरी रेल्वेत टीसीची. गुडघ्यावर बसून मारलं तेव्हा मागे होता. झोपून थोडा सावरला आणि उभं राहिल्यावर एकेकाला मागं टाकत ४५१.४ वर तिसरा. उभं राहून रायफल धरणं सगळ्यात अवघड म्हणतात, तिथंच हा वर चढला. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट वस्ताद दर नागपंचमीला सांगायचे आणि तू मागे बसून घोरायचास.

आणि हॉकीचा गोलकीपर श्रीजेश! ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड, उरलेला सगळा सामना दहा जणांनी काढला, १-१, आणि शूटआउटमध्ये ४-२. मी टीव्हीसमोर उभा राहूनच बघितला, सुमा म्हणाली बसा तरी, मी म्हणालो बसलो तर गोल होईल. जर्मनीशी मात्र २-३. रोहिदास असता तर, हे आता म्हणण्यात अर्थ नाही. स्पेनला २-१ ने हरवून सलग दुसरं कांस्य झालं, श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला, आणि आपला एक हिशेब मिटला. मी म्हणालो होतो ना तो पदक घेऊनच निवृत्त होईल? एक जेवण.

भालाफेकीतल्या नीरजचं म्हणशील तर, रौप्य म्हणजे हार नव्हे. ८९.४५ हीच त्याची एकमेव वैध फेक, बाकी पाच फाउल, आणि समोर अर्शद नदीमनं ९२.९७ टाकून ऑलिंपिक विक्रम मोडलेला. त्यावर नीरजची आई म्हणाली की अर्शदही आपलाच मुलगा. ते ऐकून माझ्या आईला म्हटलं, बघ, तुला हे कधी जमलं नसतं. आपण दोघं एकदा एकमेकांविरुद्ध लढलो होतो तेव्हा ती तुझ्या आईशी महिनाभर बोलली नव्हती.

असो. चिमी.

माझ्या डोक्यात जे फिरतंय ते असं की विनेशचे ते शंभर ग्रॅम त्या रात्री आलेच नव्हते. ते आले त्या दिवशी, ज्या दिवशी ती ५३ सोडून ५० मध्ये उतरली. टोकियोत ती ५३ मध्येच होती, जागतिक स्पर्धेची दोन कांस्यं ५३ मध्येच. २०२३ ला गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तोवर अंतिम पंघालनं ५३ चा कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली देशाची जागा, आणला. पोरीनं मेहनतीनं आणला, तिची काय चूक? मग विनेशपुढे ५० उरलं. त्यापुढे प्रत्येक स्पर्धा आधी काट्याशी, मग प्रतिस्पर्ध्याशी. सेमीफायनलनंतर ५२.७. तिच्या प्रशिक्षकानं नंतर लिहिलं की मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती मशीनवर पळत होती, मध्ये सौना, मध्ये कोसळली. केस कापले. पाणी नाही. आणि दोन दिवसांची कुस्ती म्हणजे वजनही दोनदा. आपल्या वेळी एकदा काट्यावरून उतरलं की सुटलो. या पोरांना जिंकल्यावर पुन्हा चढावं लागतं. जितक्या जास्त कुस्त्या जिंकायच्या, तितकं खायला-प्यायला लागणार, तितकं दुसऱ्या सकाळी जड. म्हणजे जिंकण्याचीच शिक्षा. ५३ मधून अंतिम पंघाल पॅरिसला पहिल्याच कुस्तीत ०-१० ने गेली, तेव्हा लोक म्हणाले, विनेशला ५३ द्यायला हवं होतं. लोकांचं काय जातं?

हे सगळं मी चिमीला सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग मी ५३ मध्ये राहून दोन वर्षं बाकावर बसू का?" उत्तर आहे तुझ्याकडे? माझ्याकडे नाही. मी म्हणालो ५५ मध्ये जा, ताकद वाढव. ती म्हणाली, ५५ ऑलिंपिकमध्ये नसतं. हेही बरोबर. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या सहाच गटांना जागा, ५० नंतर ५३, मग थेट ५७. अठरा वर्षांच्या पोरीला आत्तापासून ऑलिंपिक कशाला मोजायचंय, असं सुमा म्हणते. पण ती मोजते. आपण नव्हतो मोजत?

म्हणून तुझ्याकडे आलोय. त्या वर्षी तू खालच्या गटात उतरलास. रेनकोट घालून भर मे महिन्यात पळायचास, पाठीमागे कुत्री. (केळ्यांचा विषय काढू नकोस, मी लांब बसून खाल्ली होती, तुझीच नजर तिथे गेली.) काट्यावर तू बसलास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वस्तादांनी पाठ थोपटली. मग तुझी पहिली कुस्ती. तू पट काढायला वाकलास आणि वर आलाच नाहीस. मी कडेला उभा होतो, मला वाटलं डाव चुकला. नंतर तू म्हणालास, "पाय माझे नव्हते." तेवढंच. पुढे कधी त्यावर बोलला नाहीस, मीही विचारलं नाही, आणि पुढच्या वर्षी तू तालीम सोडलीस.

आता मी विचारत नाही, पण चिमीला सांग. मी सांगितलं तर बाप घाबरला एवढंच तिला ऐकू येतं. तुझ्याबद्दल तिला आदर आहे, का ते देव जाणे. ५० मध्ये जा म्हणू नकोस, ५३ मध्ये राहा म्हणू नकोस. फक्त त्या सकाळी काट्यापासून मॅटपर्यंत तुला काय काय झालं ते सांग. तोंड कसं कोरडं होतं, शिट्टी लांबून कशी ऐकू येते, हाताची पकड कुठे जाते. मग ५० की ५३ ते तिचं ती ठरवेल. ती ५० म्हणाली तर मी सरांना एकच अट घालणार आहे: महिने हवेत, रात्री नकोत. एका रात्रीत उतरवायची वेळ आली की मी तिला मॅटवरून उचलून आणणार, सर काय म्हणायचं ते म्हणोत. निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे या खेपेला ५० चा विषय असाही बसत नाही. हे सरांना मी अजून सांगितलेलं नाही. भांडण होणार. तुझ्याशी होऊन सराव झालाय.

तुझं काय? बदलीचं झालं का? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं भाऊकडून कळलं, तुझ्याकडून नाही, हे लक्षात ठेवलंय. ओंकारला कॉलेज मिळालं का? वहिनींना नमस्कार. घराचं काम कुठवर आलं ते लिही, किंवा नको लिहूस, तुझं काम काही या वर्षी पुरं होत नाही.

रविवारी सकाळी फोन कर. मी उचलणार नाही, चिमी उचलेल. दुपारी तिची झोप असते, तेव्हा नको.

तुझाच,
बंड्या

ता. क. आपली चौथी स्थानं पाचच राहणार, असं तू छातीठोकपणे म्हणाला होतास. सहा आहेत. अर्जुन बाबुता, २५ मीटरमध्ये मनू, स्कीटची महेश्वरी-अनंतजीतची जोडी (एका गुणानं!), तिरंदाजीत धीरज-अंकिता, लक्ष्य सेन आणि १९९ किलो उचलून एका किलोनं हुकलेली मीराबाई. श्रीजेशचं एक आणि हे एक, दोन जेवणं झाली.