डिजिटल कॅमेरा डी१ च्याही आधीचा

महोदय,

व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यांवरील आपल्या लेखाची सुरुवात १९९९ च्या निकॉन डी१ पासून होते. वास्तविक १९९१ मध्येच कोडॅकने निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून डीसीएस हा डिजिटल कॅमेरा बाजारात आणला होता. २०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कची वेगळी, वजनदार पेटी छायाचित्रकाराला खांद्याला अडकवून हिंडावे लागे आणि एवढे ओझे वाहूनही तीत फाइलचा आकार न घटवता जेमतेम १५६ छायाचित्रे मावत. किंमत २०,००० डॉलरच्या घरात! तरीही फिल्म धुण्याचा वेळ वाचत असल्याने, बातमीच्या छायाचित्रासाठी तपशिलातली उणीव चालवून घेतली जाई. डी१ च्या यशाचे खरे श्रेय २.७ मेगापिक्सेलपेक्षा त्याच्या तुलनेने आवाक्यातल्या किमतीला द्यावे लागेल.

— एक जुना छायाचित्रकार, पुणे