इंग्रजांसाठी मेला, म्हणून मोजायचा नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, फौजेत नाईक हुद्द्यावर असलेल्या यशवंत घाडगे यांच्यावरचा लेख वाचला. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या पोरांवर मराठीत क्वचितच कोणी लिहितो, म्हणून आधी बरे वाटले. पण 'लढाई इंग्रजांची, मग या मरणाचे कौतुक आपण कशाला करायचे?' हा शेवटचा सवाल वाचला आणि संताप झाला.

लढाई कोणाची, हे पळसगावच्या या घाडग्यांच्या पोराला कोणी विचारले होते? 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या नाईकाच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तो सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी. तो एकटा धावत गेला, बॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात तो पडला. वय 22. ही कामगिरी आपल्या लेखात दोन ओळींत उरकली आहे आणि 'मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचे शौर्याचे सर्वोच्च पदक) पत्नीने स्वीकारला' एवढ्यावर त्या बाईंना वाटेला लावले आहे.

त्या बाईंच्या वाट्याला काय आले असेल, ते मी आमच्या घरात पाहिले आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्याच इटलीत गेले. प्रेत नाही, राख नाही, नुसती तार आली. तिथी कोणती धरायची ते भटजींनाही सांगता येईना, म्हणून दरवर्षी सर्वपित्रीला त्यांचे पान वाढायचे ठरले. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला कचेरीत जायची, आणि लहानपणी मी तिच्याबरोबर असायचो. एकदा तिथल्या कारकुनाने हाच सवाल तिला केला, "म्हातारे, इंग्रजासाठीच लढला ना तुझा नवरा?" ती म्हणाली, "पलटन सायबाची आसंल, नवरा माझा व्हता." तरी त्या दिवशी नावापुढे 'बाई' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही म्हणून तिचा दाखला परत केला. पुन्हा गावी येऊन पोलीस पाटलाची सही घ्यावी लागली. आपल्या लेखकाने सवाल केला तो या बायकांना केला आहे, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

घाडगे यांचीही समाधी कुठे नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव कोरले आहे, तेवढेच. इटलीच्या त्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैनिकांचे. इटलीतल्याच मोंतोने नावाच्या गावाने 2023 च्या जुलैत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ज्यांच्या मातीत तो मेला त्यांना त्याची किंमत कळते आणि पुण्या-मुंबईत बसून आपण त्याच्या मरणाचा हिशेब मागतो, याची लाज वाटते.

आमच्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या कोंडीत गणपतीला आणि शिमग्याला लाखो माणसे ताटकळतात. त्यांतल्या किती जणांना तो पुतळा कोणाचा आहे ते ठाऊक असेल? रस्त्यावर साधी पाटीसुद्धा दिसत नाही.

लेखात मृत्यूचे साल 1945 छापले आहे. ते 1944 आहे. दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानात कोपऱ्यात नको, पुरवणीतच छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. माणगाव, जि. रायगड