माधवीला, ऑपरेशनच्या आधी

नाशिक, २० जानेवारी

प्रिय माधवी,

परवा फोनवर तू म्हणालीस, 'वजन उतरवायला पोटाचं बायपास करायचं जवळजवळ ठरलंय,' आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले. बोलणं अर्धवट राहिलं, ते डोक्यातून जाईना. म्हणून आज गच्चीवर उन्हात पाट टाकून लिहायलाच बसले. थंडी कडाक्याची आहे, बोटं आखडतात, तेव्हा अक्षर समजून घे.

तू विचारलंस, 'किती उतरलं गं?' सगळे हेच विचारतात. ऑपरेशननंतर चौदा महिन्यांत ११२ किलोंवरून ७४ वर आले. पण माधवी, जे उतरलं ते काय होतं, हे मला कुणी विचारत नाही, आणि तुला सांगायचं आहे ते तेच.

गेल्या मार्चमधली गोष्ट. माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून ते लहान करायचं, ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, वजन ८८. नणंदेची इंदिरानगरला वास्तुशांत होती. ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेला, जी ती 'काय बारीक झालीस!' म्हणून हात धरत होती. आरतीला सगळे उठले आणि मला पाटावरून उठताच येईना. ११२ किलोची होते तेव्हा खाली बसून मेथी निवडायची आणि एक हात टेकून उठायची मी. आता २४ किलो ओझं कमी होऊनही मांड्या लटलट कापत होत्या. शेवटी पुतणीने काखेत हात घालून उठवलं. आरती सुरू होती म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही, पण घरी येऊन मी फार रडले.

दुसऱ्याच दिवशी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांच्याकडे ते मशीन आहे, अनवाणी उभं राहायचं आणि दोन्ही हातांत दांडे धरायचे. अंगातून अगदी सौम्य वीज जाते. स्नायूंत पाणी भरपूर असतं, चरबीत कमी, त्यावरून ते हिशेब मांडतं. ऑपरेशनआधीच्या कागदाशेजारी त्यांनी नवा कागद ठेवला. चरबी ५७ किलोची ४० झाली होती. आणि चरबी सोडून बाकीचं शरीर ५५ वरून ४८ वर आलं होतं. ७ किलो! ज्या वजनासाठी सगळे माझं कौतुक करत होते, त्यातला दर दहा किलोतला जवळपास तीन किलो भाग माझ्या चरबीचा नव्हताच.

बाईंनी समजावलं की ते सातही किलो स्नायू नव्हेत. त्यात पाणी येतं, यकृतही आकसतं, आणि जड शरीर वाहायला जे जादा स्नायू लागायचे त्यातले थोडे जाणारच. पण पहिल्या काही महिन्यांत जठर इतकं लहान असतं की चार घासांत पोट भरतं. प्रथिनं पुरेशी गेली नाहीत आणि अंग हललं नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. म्हणून स्नायूंची झीज सर्वात जास्त होते ती सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांतच. मला हे चार महिन्यांनी कळलं. डिस्चार्जच्या कागदावर टाके, पातळ पदार्थ, गोळ्या सगळं होतं, स्नायूंबद्दल एक ओळ नव्हती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि हे पत्रही त्यासाठीच आहे.

आपल्या लोकांना तर हे जास्तच जपायला हवं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी उभा राहिलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. स्नायूंची शिल्लक आपल्याकडे मुळातच कमी, त्यातून अशी उचल झाली तर उरायचं काय?

मग मी काय केलं ते सांगते. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं, जमेल तेव्हा ८०. एका अंड्यात ६ ग्रॅमच असतात, तेव्हा हे वाटतं तितकं सोपं नाही. ताटात आधी अंडं, पनीर किंवा मूग, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. रविवारी घरचे मिसळ खायला निघाले की मीही जाते. वाटीभर मोडाची मटकी घेते, तर्री आणि पाव बाजूला. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. व्यायामाची सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून केली. पहिल्या दिवशी तीनदा जमलं. मग पाण्याच्या बाटल्या, मग डंबेल्स. दिवाळीनंतर पांडवलेणीच्या पायऱ्या एकदाही न बसता चढले आणि वरून शहर बघत बराच वेळ नुसती उभी राहिले.

गेल्या आठवड्यातला कागद समोरच आहे: चरबी २५.५, बाकीचं शरीर ४८.५. मार्चनंतर वजन १४ किलो उतरलं, पण स्नायूंच्या बाजूला उलट अर्धा किलो जमा झाला. एवढा फरक पाणी कमीजास्त झाल्यानेही पडतो, म्हणून मी नेहमी सकाळी उपाशीपोटी, त्याच मशीनवर मोजते. तूही तसंच कर. आणि ऑपरेशनच्या आधीचं माप घ्यायला विसरू नकोस, नाहीतर पुढे तुलना कशाशी करशील?

तुझं बायपास आहे, म्हणजे हाडांकडेही बघ. कॅल्शियम आणि लोह जिथे सर्वात जास्त शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच अन्नाच्या वाटेतून वगळला जातो, शिवाय वजन उतरलं की हाडांवरचा भारही कमी होतो. कॅल्शियम सायट्रेट, डी, बी १२, लोह, या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि कॅल्शियम आणि लोह एका वेळी घ्यायचं नाही. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, कधी करायची ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नकोस, माझे परत आले. दंडाची आणि पोटाची कातडी मात्र लोंबते, ती व्यायामाने जात नाही.

ऑपरेशन कर, नको असं मी म्हणत नाहीये. माझी शुगरची गोळी बंद झाली, रात्री झोप लागते. तारीख ठरली की लगेच कळव. पहिले पंधरा दिवस मी येऊन राहते, मुगाचं कढण आणि ताक माझ्याकडे लागलं. आणि घरात हात नसलेली, भक्कम खुर्ची आहे का ते बघून ठेव.

तुझीच,
सुलभा