टाल्क सांगून चॉक दिला, बॅच उचलून न्या

प्रति, क्वालिटी हेड, आणि सेल्समधले जे कोणी फोन उचलत नाहीत ते सगळे

तुमच्या टेक्निकल सपोर्टचा फोन आत्ताच ठेवलाय म्हणून भाषा गरम आहे, चालवून घ्या. तुम्ही काय विकता ते तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो.

आम्ही हिंगणा एमआयडीसीत कूलरच्या फॅनचे ब्लेड मोल्ड करतो. साधा पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) न घेता 20% टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पावडर, मिसळलेला दाणा घेतो कारण नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि मोटरजवळ तर आणखीच गरम, तिथं ब्लेड ताठ राहायला पाहिजे. टाल्कचे चपटे कण मालाच्या प्रवाहाबरोबर लागतात, त्यानं ताठपणा येतो, श्रिंकेज (थंड होताना मालाचं आकसणं) कमी होतं, माल लवकर सेट होतो. हे मी तुम्हाला शिकवायचं का? आमचा मोल्ड त्याच श्रिंकेजवर कापलाय.

या बॅचचे ब्लेड फिरता फिरता वाकतात, टोक रिंगला घासतं, हबचं माप जुळत नाही. वरून 100 ग्रॅमचा ब्लेड 109 ला बसतोय. दाणा आम्ही किलोनं घेतो आणि साचा भरतो आकारमानानं, म्हणजे जास्त फिलर (प्लास्टिकमध्ये मिसळायची पावडर) टाकला की तुमचा फायदा आणि आमचे नग कमी. सर्टिफिकेटवर मात्र 20% टाल्क, सही शिक्क्यासकट.

आता तुमच्या इंजिनियर साहेबांचं ऐका. आधी म्हणाले, "सर, प्रोसेस टेंपरेचर चेक करा." केलं. मग म्हणाले, "दाणा सुकवला का?" सुकवला. मग म्हणाले, "सर, नागपूरला ऊनच खूप असतं ना, त्यानं वाकत असेल." अरे भाऊ, ऊन आहे म्हणून तर कूलर विकल्या जातो! उन्हाळा नसता तर मी तुमच्याकडून दाणा काहून घेतला असता? मी म्हटलं यात टाल्क नाही, कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चॉक, वाटतंय. तर हसले. हसले हो! आणि म्हणाले, "सर, टाल्क काय नि चॉक काय, दोन्ही पांढरी पावडरच." हे टेक्निकल सपोर्ट. मी दोन मिनिटं गप्पच बसलो, त्यांना वाटलं फोन कटला, "हॅलो हॅलो" करत होते.

बरं, पांढरी पावडरच ना, मग ऐका. दोघांची घनता 2.7 च्या आसपास म्हणून वजनावरून फरक कळत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. म्हणून दाणा भट्टीत सहाशे डिग्रीला जाळला. प्लास्टिक उडून गेलं, राख राहिली 31 टक्के. 20 नाही, 31. त्या राखेवर संडास साफ करायचं ॲसिड टाकलं तर सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. टाल्क मॅग्नेशियमचं सिलिकेट आहे, ते असं फसफसत नाही. टाल्कमध्ये कधी कधी थोडा डोलोमाइट येतो ही सबब सांगू नका, एवढा फेस थोड्याशा भेसळीनं येत नाही.

चॉकशी माझं भांडण नाही. खुर्च्या, टब, बादल्या यांना चालतो, बारीक कोटेड असेल तर मार पण बरा खातो. पण मग चॉक म्हणून चॉकच्या भावात विका ना. सर्टिफिकेटवर 20% टाल्क लिहून 31% चॉक पाठवायचा आणि वरून नागपूरच्या उन्हाला दोष द्यायचा, हे कोणतं क्वालिटी कंट्रोल? इतकी वर्षं डोळे मिटून तुमचा दाणा हॉपरमध्ये टाकला, आता प्रत्येक बॅग जाळून बघायची का?

या बॅचची पूर्ण क्रेडिट नोट द्या, रिजेक्ट ब्लेडचे पैसे द्या, आणि बदली मालासोबत राखेचा रिपोर्ट पाठवा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर सॅम्पल चंद्रपूरच्या सीपेटला (प्लास्टिक तपासणारी सरकारी संस्था) जाईल आणि रिपोर्ट इथल्या सगळ्या मोल्डरवाल्यांच्या ग्रुपवर. ही धमकी समजायची असेल तर समजा.

पेमेंटसाठी रोज फोन करणाऱ्या मॅडमलाही हे पत्र दाखवा, तुमच्याकडे वेळेवर फोन करणारं तेवढंच एक खातं आहे. उरलेल्या बॅगा शेडमध्ये वेगळ्या ठेवल्यात. गाडी पाठवायच्या आधी कळवा, दुपारी एक ते दोन गेट बंद असतं.