हे ‘माशा मारण्याचे’ संशोधन नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका वाचकाने फळमाशीवरील संशोधनाची ‘सरकारी पैशाने माशा मारण्याचा उद्योग’ अशी संभावना केली आहे. केळीला भाव मिळत नसताना असा राग येणे मी समजू शकतो. परंतु प्राण्यांना इजेची चाहूल कशी लागते, याचा या माशीवर होणारा अभ्यास त्या पत्रात ज्या शब्दांत निकालात काढला आहे, ते वाचून गप्प राहणे मला जमले नाही. रावेर-यावल भागात मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले आहे.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. पेरू-आंब्यात अळी पाडणारी, जिच्यासाठी आपले शेतकरी बागेत सापळे टांगतात, ती फळमाशी ही नव्हे. प्रयोगशाळेतील ड्रोसोफिला म्हणजे जास्त पिकलेल्या केळीच्या फणीवर घोंगावणारे, लाल डोळ्यांचे, जेमतेम तीन मिलिमीटरचे चिलट. पंचवीस अंश तापमानात तिची एक पिढी दहा दिवसांत पुरी होते आणि तिची गुणसूत्रे अवघ्या चार जोड्यांत मावतात, म्हणून शंभराहून अधिक वर्षे आनुवंशिकतेचा अभ्यास तिच्यावर चालत आला आहे.

तिची अळी तांदळाच्या दाण्याहून लहान असते. एरवी ती सरळ पुढे सरपटते. तिच्या अंगाला तापलेल्या सुईचे टोक लावले, तर ती क्षणार्धात कुशीवर वळते आणि लाटण्यासारखी गरगर लोळत बाजूला जाते. हे मी भिंगाखाली स्वतः पाहिले आहे. मऊ कुंचल्याने स्पर्श केल्यास ती फक्त थबकते किंवा दिशा बदलते. लोळण फक्त इजेसाठी राखून ठेवलेली असते. निसर्गात या लोळणीचा उपयोग आहे, कारण काही परजीवी गांधीलमाश्या या अळीच्या अंगात नळी खुपसून अंडी घालतात आणि अळी ज्या बाजूने टोचले त्याच बाजूला लोळून ती नळी निसटवते. तिच्या त्वचेखाली झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले चेतापेशींचे जाळेच ही खबर आत पोहोचवते, असे 2007 साली दाखवले गेले.

त्याआधी 2003 मध्ये अमेरिकेत सिमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेतील डॅनियल ट्रेसी व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा अळ्या सापडल्या, ज्यांना तापलेली सुई लावली तरी त्या कितीतरी उशिरा लोळत. बिघडलेल्या जनुकाचे नाव त्यांनी ‘पेनलेस’, म्हणजे वेदनाहीन, असे ठेवले. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणातील एका दारासारखे असते. उष्णता वाढली की ते उघडते आणि चेतापेशी जागी होते. अशा दारांच्या कुळाला ‘ट्रिप’ म्हणतात, आणि या कुळाचा पहिला धागा 1969 साली हाती लागला तोही याच माशीत, सततच्या उजेडात आंधळेपणाने वागणाऱ्या एका वाणात.

आता नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर या. दिवसभर लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचे हात संध्याकाळी भाजल्यासारखे आग करतात. गार पाण्यात हात बुडवले तरी आग राहते, म्हणून ती गोडेतेल चोळत बसते. हाताला चटका कुठेच बसलेला नसतो. मिरचीतील कॅप्सेसिन आपल्या चेतापेशीवरचे, एरवी त्रेचाळीस अंशांच्या पुढे उघडणारे दार थेट उघडते आणि मेंदूला वाटते की भाजले. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे दार 1997 मध्ये शोधले, तेव्हा ते माशीतल्या त्याच ट्रिप कुळातील निघाले. या शोधासाठी ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले.

उन्हाने भाजलेल्या पाठीवर कोमट पाणीही चटके देते, हे आपल्याकडे मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला सांगावे लागत नाही. अतिनील किरणांनी त्वचा भाजलेल्या अळ्यासुद्धा एरवी निरुपद्रवी असलेल्या उबेला लोळून प्रतिसाद देतात, असे 2009 मध्ये दिसून आले. जखम बरी होऊनही महिनोन्‌महिने ठणका राहणाऱ्या रुग्णांच्या दुखण्याचे कोडे सोडवायला म्हणूनच ही अळी उपयोगी पडते.

माणसासारखी वेदना माशीला ‘भोगावी’ लागते, असे मी म्हणत नाही. इजेची खबर मिळणे आणि दुःख होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा शोध माशीत नीट लागतो एवढाच दावा आहे. तरीही विद्यार्थ्याने अळीला गरजेपेक्षा एकदाही जास्त टोचू नये, हे मी वर्गात नेहमी बजावत आलो.

हे सगळे परदेशातले कौतुक, असेही कोणी समजू नये. ओबैद सिद्दिकी यांनी 1962 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राची पायाभरणी केली आणि पुढे याच माशीच्या वास व चव ओळखण्याच्या शक्तीवर आयुष्य वेचले.

मला मात्र आमच्या महाविद्यालयात या माशीच्या चार बाटल्या ठेवायची परवानगी मिळाली नाही. प्रयोगशाळेत घाण नको, एवढेच उत्तर आले. वास्तविक काचेची बाटली, कापसाचा बोळा, मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट आणि खाद्य घट्ट करणारी ‘अगर’ नावाची पूड यापलीकडे काही लागत नाही आणि सुरुवातीला पिकले केळही पुरते. ते तर आपल्या जिल्ह्यात उकिरड्यावर जाते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाटल्या टिकत नाहीत, पण जुलै ते फेब्रुवारी हे काम खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी होऊ शकते. आमच्या परिसरातील ज्या विज्ञान शिक्षकांना हे सुरू करायचे असेल, त्यांच्याकडे येऊन माशी कशी धरायची, बाटली कशी बदलायची आणि भिंगाखाली अळी कशी पाहायची, हे समक्ष दाखवायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. विचारणा झाल्यास तो कृपया द्यावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक,
यावल, जि. जळगाव